दोघींना सहा-सहा

आमच्या घरात माणसं चार होती आणि चष्मा एक. भिंगारच्या आठवडी बाजारात एका हातगाडीवरून वडिलांनी तो घेतला होता. गाडीवाल्याने समोर वर्तमानपत्राचा तुकडा धरला, वडिलांनी पाच-सहा चष्मे लावून पाहिले आणि ज्यातून अक्षरं सगळ्यात कमी नाचली तो खिशात घातला. म्हणायचं तर तो वडिलांचा चष्मा. पण सायकल दुरुस्तीच्या दुकानातून ते जेवायला घरी आले की तो आईच्या नाकावर जायचा, कारण तांदूळ तेव्हाच निवडायचे असायचे. त्याची एक काडी मोडली, तेव्हा तिथे सायकलचा स्पोक वाकवून बसवला. दहावीच्या हॉलतिकिटाच्या फोटोत मी तोच चष्मा लावला आहे. माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं, पण चष्म्यातलं माणूस शिकलेलं दिसतं असं आमच्या घरात धाकट्या भावापासून वडिलांपर्यंत सगळ्यांचं मत होतं. त्या दिवशी वडिलांनी चाचपडत पंक्चर काढलं आणि गिऱ्हाइकाच्या ट्यूबला भलत्याच जागी ठिगळ लावून दिलं.

आता हसून सांगते, पण आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि आम्ही समजत होतो की चष्म्याच्या काचा घासल्या गेल्यात. पुढे ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, यशस्वी. ते खरंच असणार. पण त्यानंतर आईला सुई ओवता येते का, हे कोणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. ती म्हणायची, "एवढ्या मोठ्या माणसानं यशस्वी म्हटलंय, आपण कशाला मधे बोला?"

मी बी.एस्सी. झाले. आईच्या आणि वडिलांच्या दोन्ही बाजूंच्या नात्यात पदवी मिळालेली मी पहिली, आणि हे मी विचारल्याशिवायही सांगते. पुढे एक छोटा कोर्स केला आणि एका मोठ्या दवाखान्याच्या संशोधन विभागात करारावर नोकरी लागली. काम नेमकं ते होतं, जे आईला कोणी विचारलं नव्हतं. हाडांचा विभाग असो, डोळ्यांचा असो, श्वासाचा असो की साखरेचा, पेशंट घरी गेला की त्याचं पुढे काय झालं ते घरी जाऊन विचारायचं. जिना चढता येतो का? झोप लागते का? दुखणं शून्य ते दहामध्ये किती? बेलापुरात एक खोली घेतली, एक जुनी स्कूटी घेतली आणि प्रवरेच्या काठाकाठाने गावं पालथी घालू लागले.

अशाच एका गावात मथुराबाई भेटल्या.

गुडघेदुखीच्या अभ्यासासाठी मी त्यांच्या घरी गेले होते. अभ्यासात नाव मथुराबाईंचं नव्हतं, त्यांच्या दोन्ही सुनांचं होतं. थोरली सुमन आणि धाकटी अलका. दोघींची लग्नं एकाच मांडवात झालेली, दोघींचे गुडघे कांदा खुरपून खुरपून एकाच सुमाराला बोलायला लागलेले. मथुराबाई ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "ये म्याडम. कुन्या घरची?"

"दवाखान्यातून आलेय, आजी."

"दवाखाना चालत घरी आला म्हंजी दुखनं लई मोठं दिसतंय," असं म्हणून त्यांनी चहा ठेवायला सांगितला.

चहा आला आणि मला तो देखावा पहिल्यांदा दिसला. दोन सुना, मी, स्वतः मथुराबाई आणि विहिरीवरची मोटार दुरुस्त करायला आलेला एक माणूस, असे पाच कप त्यांनी ओट्याच्या कडेला ओळीने लावले. मग खाली पायरीवर बसून, एक डोळा मिटून, नेम धरल्यासारखं त्या कपांकडे बघू लागल्या. एका कपातून चमचाभर काढून दुसऱ्यात. दुसऱ्यातून अर्धा चमचा तिसऱ्यात. पुन्हा डोळा मिटायचा, पुन्हा चमचा. मोटारवाल्याचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला. अखेर मथुराबाई म्हणाल्या, "घ्या आता." त्या घरात गरम चहा कोणीच कधी प्यालेलं नाही. सारखा मात्र सगळे प्यालेत.

"कमी चालंल," मथुराबाई म्हणाल्या, "कमीजास्त न्हाई चालायचं."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. केळं आलं तर दोन तुकडे. पेरू आला तर दोन फोडी आणि बियाही मोजून. दिवाळीच्या साड्या त्या स्वतः संगमनेरला जाऊन आणायच्या, एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या. त्याचा परिणाम असा की एकदा धाकट्या मुलाने शेतात पाठमोऱ्या वहिनीला "अगं ए, विळा कुठं ठेवला?" म्हणून दरडावलं. वहिनी वळून बघते तर हा लाजेने उसात शिरला. तेव्हापासून दोन्ही भाऊ आधी खोकतात, बायको वळली की तोंड बघतात आणि मग बोलतात. अख्खं गाव समजतं की त्या भावांना दम्याचा त्रास आहे. आमच्या श्वासाच्या विभागाने त्या दोघांची नावंही लिहून घेतली होती.

चहा पीत होतो तेवढ्यात अंगणातल्या भिंतीपलीकडून आवाज आला, "म्हशे, पाव्हनी आली वाटतं. कुनाकडची म्हनं?"

भिंतीच्या अलीकडे एक म्हैस बांधलेली होती. मथुराबाई तिच्याकडे तोंड करून म्हणाल्या, "म्हशे, सांग तिला, दवाखान्यातली हाय. गुडघं इचारती."

पलीकडून उत्तर आलं, "म्हशे, म्हनावं आमालाबी गुडघं हायेत."

म्हैस रवंथ करत होती. मी सुमनला हळूच विचारलं, "कोण हो?"

"थोरल्या सासूबाई. गोदाबाई. आत्यांच्या जाऊ. दोघी बोलत न्हाईत एकमेकींशी. लई वर्सं झाली."

"आत्ता तर बोलल्या."

"त्या म्हशीशी बोलल्या," सुमन म्हणाली. एवढं शिकून मला एवढंही कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

मग मी कामाला लागले. टॅब उघडून सुमनला विचारलं, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तुमचं दुखणं किती?"

सुमन म्हणाली, "आठ तरी असंल."

अलका म्हणाली, "माजं चार."

"थांब, थांब," मथुराबाई मधेच म्हणाल्या. "तिला आठ अन् हिला चार? माज्या घरात असलं चालत न्हाई. दोघींना सा-सा लिव."

"आजी, दुखणं ज्याचं त्याचं असतं."

"उद्या थोरली म्हनंल मला जास्त दुखतंय, मी भांडी घासनार न्हाई. धाकटी म्हनंल मला चारच दिलं, मंजी मी काय खोटी? तू सा-सा लिव. बेरीज तीच हुती का न्हाई?"

बेरीज तीच होत होती. सरासरी मी ऑफिसात बसून काढायची होती, ती त्यांनी घरीच काढून हातात दिली. दोघी सुनांना आत नेऊन दार लोटून पुन्हा विचारलं, तेव्हा खरे आकडे मिळाले. बाहेरून मथुराबाईंचा आवाज येतच होता, "सा-सा हां!"

आता चिठ्ठीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. एखादा नवा उपाय खरोखर चांगला आहे की आपल्याला उगीच तसं वाटतं, हे कळायला काही जणांना नवा उपाय देतात आणि काहींना नेहमीचाच. कोणाला काय, हे डॉक्टरने ठरवायचं नसतं, कारण डॉक्टरही माणूस आहे, तो आपल्या लाडक्या पेशंटला नवं देईल. म्हणून बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवते. आमच्या अभ्यासात नवा उपाय म्हणजे एक लाल रबरी पट्टा आणि तो ताणून करायचे व्यायाम. नेहमीचा उपाय म्हणजे एक माहितीपत्रक. वरच्या अर्ध्या पानावर 'काय करावे', खालच्या अर्ध्या पानावर 'काय करू नये'.

सुमनच्या पाकिटातून पट्टा निघाला. अलकाच्या पाकिटातून कागद.

पट्टा नवाकोरा होता, लालभडक होता आणि ताणला की छान गुणगुणायचा. कागद कागदासारखा होता.

"एकीला पट्टा," मथुराबाई म्हणाल्या, "अन् एकीला कागुद?"

"चिठ्ठीला नातं नसतं, आजी. तिला सगळे सारखे."

"सगळे सारखे तर मग दोघींना सारखं का न्हाई दिलं? तुज्या चिठ्ठीला सासू न्हाई, म्हनून आसं वागती ती."

मला वाटलं विषय संपला. मी दोघींना बजावलं की आपापलंच करायचं, एकमेकींचं नाही. दोघींनी माना डोलावल्या. मान डोलावणं आणि कबूल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

पुढच्या भेटीला गेले तर अलका अंगणात खुर्चीवर पाय लांब करून बसलेली आणि सुमन घामाघूम होऊन धुण्याची बादली उचलतेय. भिंतीपलीकडून गोदाबाई विचारत होत्या, "म्हशे, धाकटीला काय झालं? परवापासनं राणीसाहेब दिसत्यात."

मी म्हटलं, "अलकाताई, काय हो?"

अलकाने कमरेचा कागद काढून दाखवला. अर्धाच होता. खालचा अर्धा. "उकिडवं बसू नये. जड उचलू नये. जिना चढू नये. जास्त वेळ उभं राहू नये," ती वाचत गेली. "मंजी मी आता काय करायचं त्ये यात लिव्हलेलंच न्हाई. म्हनून बसलेय."

"आणि वरचा अर्धा?"

वरचा अर्धा सुमनकडे होता. 'रोज चालावे. वजन आटोक्यात ठेवावे. हलकी कामे करीत राहावे.' ती बिचारी करीत राहिली होती. स्वतःची करून वर अलकाचीही करीत राहिली होती.

मी विचारलं, "पट्टा कुठंय?"

दोघींनी आपापला पट्टा काढला. प्रत्येकीकडे अर्धा. कात्रीने मधोमध, सरळ, सुरेख कापलेला.

"दोरी लावून मापलाय," मथुराबाई अभिमानाने म्हणाल्या. "एक सूतबी कमीजास्त न्हाई."

त्या अर्ध्या पट्ट्यात पाऊल अडकवलं की हात पोचायचा नाही आणि हात पोचला की पाऊल सुटायचं. दोघी तो डोक्याला बांधून कांदे भरायच्या. अर्धशिशी थांबली, असं अलकाचं म्हणणं होतं.

टॅबमध्ये प्रश्न होता: पट्टा वापरला का? हो किंवा नाही. मी 'अर्धा' असं लिहून बघितलं. टॅबने लाल अक्षरात सांगितलं, फक्त हो किंवा नाही. मी ओट्यावर बसले. खरं लिहायचं तर दोघींची माहिती बाद. एका घरात असं झालं तर बाकीच्या घरांत काय झालं असेल म्हणून अख्खं गावही बाद होऊ शकत होतं. माझा करार संपत आला होता, वडिलांनी डोळ्यांमुळे दुकान बंद केलं होतं आणि घरात पगार माझा एकटीचाच यायचा. खोटं लिहायचं तर मग आईच्या ऑपरेशनसारखंच झालं, यशस्वी.

मी सगळं मथुराबाईंना सांगितलं. "आजी, पट्टा जिचा तिला द्या. नवा आणते. नाहीतर माझी नोकरी जाईल."

मथुराबाईंनी म्हशीमागच्या भिंतीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "ती भित बघितली? माज्या सासूनं घातली ती. हातानं न्हाई घातली, परातीनं घातली. गोदाला पितळंची परात दिली अन् मला जर्मनची, हलक्या पांढऱ्या पत्र्याची. म्या काय बोलले न्हाई. पन भाकरी थापाया बसलं की जर्मन लई वाजतं, म्याडम. पितळ वाजत न्हाई. ती म्हनायची, मथी मुद्दाम आपटती. मी म्हनायची, आपटत न्हाई, जर्मनच हाय त्ये. आसं करता करता दोन चुली झाल्या, दोन भावांत भित आली. अन् परात काय हुती? परात."

मी टॅब मिटवून मांडीवर ठेवला.

"तुजी नोकरी जाईल, खरं हाय. वाईट वाटंल मला. पन माजं घर फुटलं तर मला करारानं दुसरं मिळनार हाय का?"

मी बाहेर स्कूटीपाशी जाऊन मोठ्या सरांना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना फोन केला आणि जे दिसलं ते सांगितलं. सर म्हणाले, "कापला म्हणजे? पट्टा कापला?" मग म्हणाले, "कागदसुद्धा?" शेवटी, "उद्या मी स्वतः येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर आले. गाडीतून उतरले तो मथुराबाईंनी दोघी सुनांना पुढे उभं केलेलं. सुमनच्या हातात पट्टा, अख्खा. अलकाच्या हातात कागद, अख्खा. मी चक्रावले. जवळ जाऊन बघितलं तर पट्ट्याच्या मधोमध एक गाठ होती आणि कागद भाताच्या खळीने चिकटवलेला होता. त्याला दोन शितंही लागली होती. मथुराबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुजी नोकरी जाऊ देत न्हाई मी. आजच्यापुरतं कमीजास्त चालवून घेतलंय."

त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा आपलं ब्रीद मोडलं होतं आणि तेही माझ्यासाठी, कालच सरांना सगळं सांगून बसलेल्या माझ्यासाठी. मला हसावं की रडावं कळेना.

सरांनी सुमनला विचारलं, "दुखणं किती आता?"

"सा."

अलकाला बाजूला नेऊन विचारलं.

"सा."

"अगदी सारखं?" सर म्हणाले. "कसं काय?"

"आत्यांनी सकाळीच सांगितलं," अलका म्हणाली.

सरांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हशीकडे बघितलं. तेवढ्यात चहा आला. मथुराबाईंनी कप ओळीने लावले, खाली बसून डोळा मिटला. सर उभे राहून तो प्रयोग बघत होते. एकदाचे कप सारखे झाले, सरांनी आपला उचलला आणि म्हणाले, "बरं, व्यायाम करून दाखवा बघू."

सुमन खुर्चीवर बसली, पट्टा तळपायाखाली घातला आणि सरांसमोर आपली इज्जत राखायची म्हणून सगळा जीव एकवटून ताणला. गाठ सुटली. एक अर्धा म्हशीच्या शिंगात जाऊन अडकला, दुसरा सरांच्या कपावर बसला. चहा सरांच्या पांढऱ्या शर्टावर.

सगळे थिजले. मथुराबाई मात्र थिजल्या नाहीत. त्यांनी सरांच्या हातातला रिकामा कप काढून घेतला, बाकी प्रत्येकाच्या कपातून दोन-दोन चमचे त्यात घातले, ड्रायव्हरच्याही, आणि पुन्हा डोळा मिटून नेम धरला. "घ्या साहेब. आता समद्यांना सारखा हाय."

भिंतीपलीकडून आवाज आला, "म्हशे, काय फुटलं?"

"म्हशे, म्हनावं, काय फुटलं न्हाई," मथुराबाई ओरडल्या. मग सरांकडे वळल्या. "साहेब, पोरीची काय चूक न्हाई. तिनं बजावलं हुतं. कात्री मी चालवली. तुमची चिठ्ठी घरात शिरती अन् एकीला गोड, एकीला फिकं वाढती. तुमी निगून जाता दवाखान्यात. मागं राहतं कोन? मी."

सर रुमालाने शर्ट पुसत होते. रागावले आहेत की नाही ते समजत नव्हतं. मला तेव्हा काय झालं माहीत नाही. एरवी सरांपुढे मी विचारल्याशिवाय बोलत नसे. पण आमच्या घरातला चष्मा डोळ्यांसमोर आला. घरात आलेली वस्तू घराची होते. ती कोणाच्या नावाची आहे, हे फक्त गाडीवाल्याला माहीत असतं.

मी म्हटलं, "सर, चिठ्ठी माणसाच्या नावाने काढण्याऐवजी घराच्या नावाने काढली तर? एका घरात सगळ्यांना पट्टा, नाहीतर सगळ्यांना कागद."

"पद्धत आहे तशी," सर म्हणाले. "पण मग घरं जास्त लागतात, फिरणं वाढतं."

"मी फिरेन."

सरांनी एक घोट घेतला. चहा अर्थातच थंड होता. "लिहून दे मला," ते म्हणाले. "नीट, कारणांसकट. गाठीसकट."

मी लिहून दिलं. इंग्रजीत, स्वतः, चार वेळा खोडून. बाकीच्या घरांत मी पुन्हा फिरले. कुठे पट्ट्याने वासरू बांधलेलं सापडलं, पण कापलेला कुठेच नव्हता, त्यामुळे गाव वाचलं. सुमन आणि अलकाची माहिती मात्र बाद करावीच लागली. ते सांगायला मी जड पावलांनी गेले.

"दोघींनाबी काढलं ना?" मथुराबाईंनी विचारलं.

"हो आजी, दोघींनाही."

"मंग हरकत न्हाई," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला सांगितला.

अभ्यासातून बाहेर पडल्यामुळे आता काही बंधन नव्हतं. सरांनी दोघींसाठी दोन अख्खे पट्टे पाठवले, एकाच रंगाचे. मथुराबाईंनी ते शेजारी शेजारी टांगून पाहिले. एक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब होता. मी "आजी, नको!" म्हणेपर्यंत कात्री चाललेली होती.

पुढे नवा अभ्यास आला, गुडघ्यांचाच, मोठा. या वेळी चिठ्ठी घराच्या नावाने होती. पण घर म्हणजे काय, हे कागदावर पक्कं करावं लागतं. आम्ही लिहिलं होतं: एका चुलीवर जेवणारे ते एक घर. हा नियम घेऊन मी पुन्हा त्या अंगणात गेले. सुना जुन्या असल्या तरी हा अभ्यास वेगळा होता, त्यांना घ्यायला हरकत नव्हती. आणि या वेळी यादीत गोदाबाईही होत्या, कारण त्यांचे गुडघे अखेर दवाखान्यापर्यंत गेले होते.

मी भिंतीजवळ उभी राहून दोन्हीकडे ऐकू जाईल असं सांगितलं, "दोन चुली असतील तर दोन चिठ्ठ्या निघतील. मग इकडे पट्टा आणि तिकडे कागद, असं होऊ शकतं. किंवा उलट."

म्हशीने रवंथ थांबवला, असं मला वाटलं.

पलीकडून आवाज आला, "म्हशे, तिला इचार, परत एकीला आन् एकीला हुनार का?"

"म्हशे, सांग, हुनार," मथुराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मी कधी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मग पलीकडे काहीतरी ओढल्याचा, खरडल्याचा आवाज झाला आणि भिंतीवर आधी दोन हात दिसले, मग एक पितळी परात, आणि मग परातीमागून गोदाबाईंचं तोंड. त्या बहुधा पाटावर पाट ठेवून चढल्या होत्या, तसल्या गुडघ्यांनी.

"मथे," गोदाबाई म्हणाल्या. म्हशीला नाही, मथुराबाईंना. "ही घे. अन् तिला सांग, चूल एक लिव."

मथुराबाईंनी परात घेतली. तिच्याकडे बघितलं नाही, गोदाबाईंकडेच बघत राहिल्या. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "लिव म्याडम. एक."

"पण आजी, चुली तर दोन दिसतायत. जे आहे तेच लिहावं लागतं मला."

"मंग आज लिहू नको. घरी जा. पुढल्या बारीला ये अन् बघ."

मी पुढच्या खेपेला गेले, तेव्हा भिंतीत माणूस जाईल एवढं भगदाड पाडलेलं होतं. त्यातून अलका भाकरीची टोपली घेऊन ये-जा करत होती. गोदाबाईंच्या अंगणातली चूल थंड होती आणि तिच्यावर कोंबडी बसलेली. मी चुलीत हात घालून राख बघितली, कारण मला तसं शिकवलं आहे. मग एक लिहिलं. एकच चिठ्ठी निघाली. कागद निघाला. सगळ्यांना कागद. मथुराबाई म्हणाल्या, "कमी चालंल," आणि दोघी जावा एवढ्या हसल्या की म्हैस उठून उभी राहिली. बिचारीला आता काहीच काम उरलं नव्हतं.

मथुराबाई गेल्या वर्षी गेल्या. गुडघ्यांनी नाही, हृदयाने, आणि फारसा त्रास न होता. आमच्या दुसऱ्या एका विभागाच्या फॉर्मात हे असंच लिहिलं आहे. तेराव्याला मी गेले होते. माणसं पुष्कळ होती. चहा आला तेव्हा गोदाबाईंनी सगळ्यांना हाताने थांबवलं, कप ओळीने लावायला सांगितले, गुडघा धरून खाली बसल्या आणि एक डोळा मिटला. मिटलेल्या डोळ्यातून पाणी येत होतं. उघडा डोळा कपांवरून हलला नाही. तो चहा मी थंडगार प्याले, सगळ्यांबरोबर.

आता आमच्या विभागात ज्या अभ्यासात घरी न्यायची वस्तू असते, मग तो हाडांचा असो, श्वासाचा असो की डोळ्यांचा, तिथे चिठ्ठी घराच्या नावाने निघते. या पद्धतीला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. आम्ही तिला मथुराबाईंची चिठ्ठी म्हणतो. टॅबमध्ये 'अर्धा' असा पर्याय टाकून घेतला आहे. माझी नोकरी कायम झाली आहे. त्या गावातल्या भिंतीच्या भगदाडाला चौकट बसवली आहे, दार लावलेलं नाही. आईला सुई ओवता येते, मी स्वतः विचारलं आणि समोर ओवून घेतली. आमच्या घरात माणसं चार आहेत आणि चष्मेही चार आहेत, आणि प्रत्येकाचा नंबर वेगळा आहे.